मोदकांचा क्लास

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तो राहतो. राहतो म्हणजे काय, वर्षातले बरेचसे महिने तो झोपलेलाच असतो. श्रावण लागला, नारळी पौर्णिमेचा नारळीभात खाऊन झाला, की त्याला जाग येते. मग जिन्याच्या तोंडाशी, टपालपेट्यांच्या शेजारी, वहीचं एक पान चिकटतं : 'उकडीचे मोदक शिकवले जातील. स्वतःच्या हाताने करायचे. आठच जागा.' शाई निळी आणि 'स्वतःच्या' या शब्दाखाली दोन ठसठशीत रेघा. त्या दोन रेघांत त्याचा निम्मा स्वभाव आला.

तुमची त्याची गाठ घालून द्यायची तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. क्लास म्हणजे काकू नव्हेत. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या, मऊ बोलणाऱ्या, दारात आलेल्या कुरिअरवाल्याला पाणी विचारणाऱ्या. पण क्लास भरला, काकूंनी ओढणी कमरेला खोचली आणि पितळी परात ओट्यावर आली, की त्यांच्याच आवाजात दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. 'होईल गं, घाई काय आहे' म्हणणाऱ्या काकू आतल्या खोलीत जातात आणि 'असं नाही. परत कर' म्हणणारा क्लास बाहेर येतो. दोन-अडीच तासांनी चहाचं आधण ठेवलं की काकू परत येतात. मधल्या वेळात त्यांच्याकडून मवाळपणाची अपेक्षा ठेवू नये.

आठच जागा का, असं विचारलं तर तो उत्तर देत नाही, स्वयंपाकघर दाखवतो. ओट्याशी तिघं, जेवणाच्या टेबलाशी चौघं आणि खिडकीखालच्या घडीच्या टेबलाशी एक. नवव्या माणसाला उभं राहायला जागा मिळेल, पण कोपर हलवायला मिळणार नाही. आणि ज्याचा हात चालत नाही त्याला तो विद्यार्थी मानतच नाही. 'मी आपली बाजूला बसून नुसती बघते,' असं म्हणत एक बाई आल्या होत्या. त्यांना अतिशय गोड आवाजात सांगण्यात आलं, की बघायचंच असेल तर घरी बसून फोनवर बघा, चहाला मात्र जरूर या. पुढच्या बॅचला त्या बाई बाह्या सारून, हात धुऊन सगळ्यांच्या आधी हजर.

त्याला सर्वांत मोठा गर्व आहे तो पिठीचा. तयार पिठीच्या पुड्याला तो नाही म्हणत नाही. पण पुडा हातात घेतो, उलटा करून वाचतो, कोणता तांदूळ ते लिहिलेलं नसलं की कपाळाला आठी घालून तो परत ठेवतो. त्याच्या मते मोदक बिघडतो तो परातीत बिघडतच नाही, दुकानातच बिघडलेला असतो. त्याचा जीव आंबेमोहोरावर. मुळशीकडचा हा तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसलेला आहे, हे तो दर बॅचला सांगतो, आणि सांगताना चेहरा असा करतो की मानांकन आपल्या भाच्यालाच मिळालंय. आंबेमोहोर महाग पडला तर इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली आणलेला हा वाण आंबेमोहोराच्याच घरातला आहे, तेव्हा तो चिकटपणाला आणि वासाला दगा देत नाही. नुसता बासमती मात्र त्याला मान्य नाही. त्याचा वास चांगला, पण दाणा सुटा राहण्यात धन्यता मानणारा, त्याची उकड एकजीव व्हायला तयार होत नाही. तांदूळ नवा हवा की जुना, यावर पुलावाचा आणि मोदकाचा कायदा उलटा आहे : तिथे जुन्याला मान, इथे नव्याला.

तांदूळ दोन-तीनदा धुवायचा, निथळायचा, सुती कापडावर पंख्याखाली सावलीत पसरायचा आणि खडखडीत वाळला की गिरणीत न्यायचा. गिरणीत काय म्हणायचं तेही तो शिकवतो. 'तांदळावर तांदूळ' दळून द्या, असं स्पष्ट सांगायचं. आधी कुणाचे गहू किंवा ज्वारी दळून झाली असेल तर जात्यात राहिलेला तो अंश पहिल्यांदा आपल्या डब्यात येतो, आणि पांढऱ्याशुभ्र पारीवर तपकिरी ठिपके उठतात. एका मुलीने हे ऐकून वहीत लिहून घेतलं. त्याने तिची वही हळूच मिटवली आणि तिला ते वाक्य मोठ्याने तीनदा म्हणायला लावलं. गिरणीवाल्यासमोर वही उघडून वाचणार आहेस का, हा त्याचा प्रश्न होता.

मापाच्या बाबतीत तो जुन्या वळणाचा आहे. वजनकाटा त्याच्या घरात आहे, पण तो कपाटाच्या वर. खाली ओट्यावर असते ती एक स्टीलची वाटी, काठाला पोचा आलेली. एक वाटी पिठी, तर त्याच वाटीने एक वाटी पाणी. तांदूळ जुना असेल तर पाणी दोन-चार चमचे चढतं. 'त्याच' या शब्दावर त्याचा सगळा जोर. पिठी एका वाटीने आणि पाणी दुसऱ्या वाटीने घेणाऱ्याला तो असा बघतो की बिचाऱ्याने आयुष्यात पुन्हा वाटी बदलू नये. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप महाराष्ट्राच्या घराघरांत रुजलं. त्या पुस्तकाची हळदीचे डाग पडलेली, बांधणी सुटलेली एक प्रत इथे फ्रीजवर असते आणि तिला तो नमस्कार केल्याशिवाय सुरुवात करत नाही. पण क्लासच्या वेळात तो ती उघडूही देत नाही. त्याचं म्हणणं असं की कमलाबाईंनी जेवढं कागदावर उतरवता येतं तेवढं सगळं उतरवून दिलं, आता उरलेलं आपल्या बोटांनी शिकायचं आहे. मला हे पटतं. नव्या सुनेला सासरी चार पिढ्यांच्या बायका हाताशी धरून दाखवत होत्या तेव्हा पाककृतीत 'बेताचे पाणी घालावे' एवढं लिहिलं तरी चालत होतं, कारण बेत दाखवायला कुणीतरी शेजारी उभं असायचं. आज स्वयंपाकघरात माणूस एकटा असतो. तो शेजारी उभा राहणारा माणूस क्लासने भाड्याने नव्हे, मनापासून परत आणून दिला आहे.

आता त्याच्या रागाबद्दल. तसा तो शांत आहे. नारळ खवताना करवंटीचा काळा भाग उतरला तर फक्त 'वरवर खव' म्हणतो. गूळ चिरायचा राहिला तर स्वतः चिरतो. दोन वाट्या ओल्या नारळाला एक वाटी गूळ, गूळ विरघळून मिश्रण एकत्र येऊ लागलं की गॅस बंद, वर वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. इथवर गप्पांना परवानगी असते. सारण जरा जास्त परतलं गेलं, ते कोरडं होऊन खडबडीत झालं, तरी दुधाचा हबका मारून तो ते वळणावर आणतो आणि कुणाला बोलत नाही.

त्याचा खरा राग उकडीच्या वेळी. पातेल्यात पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. पाण्याला चांगली खळखळ उकळी फुटली की पिठी एकदम घालायची, आच मंद करायची, चमच्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं. दोन मिनिटांनी गॅस बंद, झाकण तसंच, दहा मिनिटं वाफेत मुरू द्यायची. या दहा मिनिटांत सगळ्यांचे फोन सोफ्यावर जातात. कुणाचा वाजला तर वाजू देतात. कारण अकराव्या मिनिटाला परातीत ओतलेली ती उकड कुणासाठी थांबणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

कणकेला थांबायची सवय असते. गव्हात ग्लुटेन आहे, कणीक मळून ठेवली की उलट सुधारते. तांदळात ते नाही. तांदळाच्या पिठीला धरून ठेवणारी एकच गोष्ट : उकळत्या पाण्यात फुगून चिकट झालेला तिच्यातला स्टार्च. तो गरम आहे तोवर लवचिक, गार होऊ लागला की आपला आपण आवळत जातो आणि मग कडेला बारीक चिरा पडतात. म्हणून उकड गरम असतानाच मळायची, आणि गरम म्हणजे हाताला सोसवेल त्याच्या जरा पलीकडे. एका हाताशी गार पाण्याचं वाडगं, दुसऱ्या हाताशी तेलाची वाटी. पहिले दोन हात स्टीलच्या पेल्याच्या बुडाने मारायचे, पीठ रेटत न्यायचं, गोळा करायचं, परत रेटायचं. मग पाण्यात बोटं बुडवून तळव्याची मुळं लावायची. या वेळी त्याचा आवाज चढतो. 'थांबू नको. थांबू नको! पाणी घे. तळवा लाव, बोटं नको. अजून गाठ आहे, मला दिसतेय. अजून.' पाच-सात मिनिटं हे चालतं. मळणाऱ्याच्या कपाळावर घाम, तळवे लाल, आणि परातीत मघाशी खरबरीत, भुग्याभुग्याचं असलेलं काहीतरी हळूहळू चकचकीत होऊ लागलेलं. शेवटी तो प्रत्येकाला स्वतःच्या कानाची पाळी दाबायला लावतो आणि मग गोळा दाबायला. पाळीसारखी लागली तर झाली. नाहीतर परत पाण्याचा हात.

त्या पाच-सात मिनिटांसाठी हा सगळा प्रपंच आहे. व्हिडिओत परात दिसते, हात दिसतात, चकाकी दिसते. किती चटका बसला तरी हात मागे घ्यायचा नाही आणि किती बसल्यावर घ्यायचा, हे दिसत नाही. ते शेजारी उभं राहूनच कळतं, आणि कुणीतरी आपला हात धरून परत परातीत ठेवला की जास्त लवकर कळतं.

माणसं ओळखण्याच्या बाबतीत तो चतुर आहे. गेल्या खेपेला एक तरुण आला होता, व्यायामाने कमावलेले दंड, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. पारी करायला घेतली की फाटायची. दोनदा फाटली, तिसऱ्यांदा त्याने ती चिडून गोळ्यात कोंबली. क्लासने त्याला तिथून उठवलं आणि परातीशी उभं केलं. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या उकडी त्याने मळल्या, आणि अशी उकड आमच्या घरातही कधी झाली नाही असं काकूंच्या सासूबाईंनी पलंगावरून सांगितलं. ऐंशी ओलांडलेल्या या आजी क्लासला येत नाहीत, पण क्लास भरला की दाराकडे तोंड करून बसतात. त्यांना वाटीचंही माप लागत नाही, त्या उकळीच्या आवाजावरून सांगतात. 'घाला आता,' एवढं आतून ऐकू येतं, आणि क्लास निमूटपणे पिठी घालतो. त्याने मान खाली घातलेली मी फक्त तेवढ्याच वेळा पाहिली आहे.

त्याच बॅचला बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. येताना जुनं जर्मनचं मोदकपात्र कापडात गुंडाळून घेऊन आले. घरात दीड दिवसाचा गणपती, आणि यंदा नैवेद्याचं करणारं माणूस नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. क्लासने पुढे विचारलं नाही. त्यांना खिडकीखालची जागा दिली, तिथे उजेड चांगला. काकांनी पारी घेतली आणि सगळे बघतच राहिले. जन्मभर नोटा मोजलेला अंगठा. आतून अंगठा, बाहेरून दोन बोटं, पारी हातातल्या हातात फिरतेय, कडा पातळ होत चाललीय, मध्ये जरा जाड, आणि कुठेही दाब पडल्याची खूण नाही. मुखऱ्या घालायला लागले तेव्हा क्लास त्यांच्यामागे येऊन उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, 'काका, तुम्ही ह्या दोघींना दाखवा.' त्याच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र निघत नाही.

मुखऱ्यांच्या बाबतीत त्याला आकड्यांचा हव्यास अजिबात नाही. अलीकडे एकवीस पाकळ्या, एकतीस पाकळ्या अशी चढाओढ लागलेली असते. तो म्हणतो, सात घाल, पण सगळ्या एका उंचीच्या. चिमटीत घेतलेली घडी वरून खालपर्यंत नीट गेली पाहिजे, नुसतं काठावर चिमटून सोडलं तर मोदक वाफेत पसरतो आणि पाकळ्या जाऊन त्याची शेंडीवाली वाटी होते. सगळ्या मुखऱ्या झाल्या की तळव्यावर फिरवत फिरवत त्या एकत्र आणायच्या आणि वरच्या टोकाला नाक काढायचं. जास्तीचं पीठ खुडून टाकायचं, नाहीतर टोक कच्चं राहतं.

आणि साचा? साच्याचं नाव काढलं की पहिल्याच दिवशी त्याचा चेहरा बदलतो. 'साचा शिकवायला मी कशाला हवा, दुकानदार शिकवेल,' म्हणतो. त्यामुळे त्याच्याकडे साचा नसेलच अशी सगळ्यांची समजूत. एकदा एक मावशी आल्या, बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली, चिमूट जुळेना. तीन-चार प्रयत्नांनंतर त्यांनी पारी खाली ठेवली आणि पुसायच्या कपड्यात हात लपवले. क्लासने सगळ्यात खालचा खण उघडला, मागे हात घातला आणि पितळेचा, तूप लावलेला, स्वच्छ पुसलेला साचा काढून त्यांच्यापुढे ठेवला. वर शिकवलंही : आधी उकड सगळीकडे चेपून लावायची, मग सारण, मग बुडाला उकडीचं झाकण. इतकं नीट शिकवलं की तो साचा तिथे वर्षानुवर्षं कुणासाठी तयार ठेवलेला होता, हे सगळ्यांना समजलं.

आपल्या कोकणाचा अभिमान त्याला जरा जास्तच आहे, हे कबूल केलं पाहिजे. हळदीच्या पानाशिवाय मोदकपात्र तो बंद करत नाही. गॅलरीत हळदीच्या चार कुंड्या आहेत आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या पानांवर त्याची बारीक नजर असते. गोव्यात पातोळ्या याच पानात होतात, हे सांगताना तो पान हातावर चुरगळून प्रत्येकाच्या नाकाशी धरतो. तर अकोल्याहून लग्न होऊन आलेल्या एका मुलीने सांगितलं, की आमच्याकडे मोदक तळणीचे, कणकेचे, आत सुकं खोबरं. तिच्या आवाजात थोडी माफी होती. क्लास क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, 'माफी कसली मागतेस? नारळाची झाडं तुमच्याकडे नाहीत, तर तुमच्या आज्यांनी टिकणाऱ्या खोबऱ्यावर काम भागवलं. पीठ किती घट्ट भिजवता?' आणि त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात कढई चढली. शिकवत ती मुलगी होती, आणि मोहन किती घालायचं हे काकू विचारत होत्या.

वाफेबद्दल थोडक्यात. पात्रातलं पाणी आधी उकळतं हवं. प्रत्येक मोदक पात्रात ठेवण्याआधी गार पाण्यात पटकन बुडवून काढायचा, म्हणजे वरून तडकत नाही. झाकणाला आतून कापड बांधायचं, म्हणजे वाफेचं पाणी टपकून पारी भिजत नाही. दहा-बारा मिनिटं. ओलं बोट लावून चिकटलं नाही की झाले. प्रत्येक पात्रात मोदकांच्या जोडीला एक करंजी असते. मोदकाला एकटं पाठवत नाहीत, एवढंच कारण तो सांगतो. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर मळून निवगऱ्या थापायच्या, त्याच पात्रात त्या वाफवायच्या. उकड टाकून देणाऱ्याला या घरात परत प्रवेश नाही.

२०२० साली त्याच्यावर अवघड प्रसंग आला. टाळेबंदी, इमारतीत बाहेरच्यांना बंदी, आणि गणपती २२ ऑगस्टला. काकूंच्या पुतणीने फोन डाळ-तांदळाच्या डब्यांना टेकवून उभा केला आणि क्लासला त्यात बसवलं. पहिल्या दिवशी तो गुदमरला. समोर चौकोनांत आठ स्वयंपाकघरं, एक ठाण्यातलं, एक नाशिकचं, एक थेट न्यू जर्सीचं, जिथे रात्र होती आणि नारळ गोठवलेला होता. हात कुणाचा धरता येईना. ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण आवाज दोन सेकंदांनी पोचायचा. मग त्याने विचारायला सुरुवात केली. 'बोट आत घाल. काढ. बोटाला काय लागलंय, ओलं की कोरडं? दाबल्यावर कड फुटली की नुसती वाकली? तळव्याला चिकटतंय की पेल्याला?' समोरची माणसं आपल्याच हातांकडे लक्ष देऊन बघायला लागली आणि जे जाणवतं ते तोंडाने सांगायला लागली. न्यू जर्सीच्या बाईंची उकड सारखी ताणली जात होती, लोंबत होती. तेव्हा त्याने पिठीची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. आशियाई दुकानातून आणलेली ती चिकट तांदळाची पिठी निघाली. नवऱ्याला रात्री दुकानात पिटाळून साधी पिठी आणवली आणि बाकीच्या सातजणी तोवर मोदक वाफवत गप्पा मारत बसल्या. तेव्हाचे प्रश्न त्याने पुढे सोडले नाहीत. आता समोरासमोर शिकवतानाही तो आधी विचारतो, मग हात धरतो. मला वाटतं त्या वर्षाने तो अधिक चांगला शिक्षक झाला.

पैशांच्या बाबतीत तो लाजाळू आहे आणि तेवढी एक गोष्ट मला त्याच्यात खटकते. फीचं पाकीट कुणी पुढे केलं की 'ठेवा तिथे देवापाशी' म्हणतो, मोजत नाही, उघडतही नाही. कुणी द्यायला विसरलं तर मागत नाही. ही विद्या घरात फुकट मिळाली, ती विकायची कशी, हा त्याचा संकोच. मी त्याच्याशी यावर भांडून पाहिलं आहे. गिरणगावात हजारो गिरणी कामगारांची पोटं बायकांच्या खानावळींनी भरली. उधारीवर किराणा, सावकाराचं व्याज, आणि तरी दोन्ही वेळचं ताट वेळेवर. त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि स्वयंपाक हे काम आहे, त्याला मोल आहे, हे बँकांच्या वह्यांत नोंदवायला लावलं. पोळपाट-लाटण्यावर घर चालवणाऱ्या त्या बायकांचा वारसा सांगणाऱ्याने पाकीट उघडून मोजलंच पाहिजे. काकूंच्या मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी दोन भाद्रपदांच्या पाकिटांतून गेली, हे त्यालाही माहीत आहे. यंदा जिन्याखालच्या कागदावर पहिल्यांदाच फीचा आकडा लिहिलेला दिसला. अक्षर बारीक आहे, पण लिहिलाय.

त्याची शेवटची खोड म्हणजे तो संपत नाही. चतुर्थीच्या दिवशी सकाळी आठपासून काकूंचा फोन सुरू होतो. त्यांच्या स्वतःच्या घरचा नैवेद्य व्हायचा असतो, सासूबाई आतून उकळीवर लक्ष ठेवून असतात, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून क्लास बोलत असतो. 'तडा गेला? पाण्यात बुडवला होतास का? मग बुडव.' 'सारण पातळ झालंय ना, तासभर फ्रीजमध्ये ठेव, गुरुजी येईपर्यंत होईल.' 'नाही, परत गॅसवर चढवू नको, पाण्याचा हात लाव आणि मळ. मळ तू, मी थांबते फोनवर.' आणि काकू खरंच थांबतात. पलीकडे परातीवर तळवा आपटल्याचा आवाज येत राहतो, अलीकडे काकू उजव्या हाताने आपल्या मोदकांना नाकं काढत राहतात.

बँकेतल्या काकांचा फोन साडेअकराला आला. अकरा मोदक झाले होते, दहा शिल्लक होते आणि आरतीला माणसं जमायला लागली होती. ते जरा घाबरले होते. क्लासने विचारलं, 'उकड झाकून ठेवलीय ना?' ठेवली होती. 'करंजी केलीत?' नव्हती केली. 'मग आधी ती करा, दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचे तुमच्या सुनेला वळायला बसवा, आणि तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा. आणि काका, तिचा हात धरून दाखवा. तोंडाने सांगत बसू नका.'